दुपारी अडणारं हृदय

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मला त्यांचा हेवाच वाटेल.

गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

तैवानमधलं शिन्चू शहर. चांद्र वर्षाचा सातवा महिना. बाहेर डांबर वितळेल असं ऊन. आणि आत... अंधार.

आमच्याकडच्या ऑफिसांत जेवण झालं की दिवे बंद करतात. साडेबारा ते दीड. पडदे ओढले जातात. ज्याने त्याने आपल्या टेबलावर उशी टाकायची, डोकं टेकायचं आणि झोपायचं. मॅनेजरनेसुद्धा. त्या तासात कुणी बोलत नाही, कुणाचा फोन वाजत नाही. एका हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं, आणि आवाज फक्त श्वासांचा.

त्या तासात हे घडलं.

माझी बायको रुओलान तिथे इंजिनियर होती. तिचं काम सोप्या शब्दांत सांगतो. यूएसबीने कॉम्प्युटरला एखादं यंत्र जोडलं, की दोघांना एकमेकांशी बोलता यावं लागतं. ते बोलणं घडवून आणणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. रुओलान ड्रायव्हर लिहायची. त्या वर्षी त्यांचं यंत्र होतं सोनोग्राफीचा प्रोब. मुठीत मावेल एवढा. छातीवर टेकवला की लॅपटॉपवर हृदय दिसावं, म्हणजे डोंगरातल्या दवाखान्यातही टू-डी इको करता यावा, अशी कल्पना.

दिसायचंही. पण मध्येच अडायचं.

अर्धं चित्र यायचं आणि थांबायचं. ना पुढे, ना मागे. काय चुकलं हे कॉम्प्युटर सांगायचा नाही. नुसता वाट बघत बसायचा.

हा बग, म्हणजे प्रोग्राममधली ही चूक, सुटला की रुओलान राजीनामा देणार होती. तसं तिने मला कबूल केलं होतं. थायनानला माझ्या आईच्या गल्लीत आम्ही घर घेतलं होतं. रंगसुद्धा देऊन झाला होता. मी वर्तमानपत्रात काम करतो. तिथल्या आवृत्तीत बदली मागून घेतली होती. फक्त तिचं काम संपायचं होतं.

"बग सुटू दे, दुसऱ्या दिवशी निघू," ती म्हणायची.

थोडक्यात, माझा संसार एका बगवर अडला होता. आणि ज्या माणसाच्या हातून तो बग झाला, तो माणूस जिवंत नव्हता.

त्याचं नाव फान ताव-युआन.

ऑफिसात त्याला सगळे फानदादा म्हणायचे. रुओलान नुसतं 'फान' म्हणायची. हे मला तो जिवंत असल्यापासून खुपायचं.

तो गेला मार्चमध्ये. त्याच हॉलमध्ये, दुपारच्या झोपेत. दीड वाजता दिवे लागले, सगळ्यांनी माना वर केल्या... त्याने केली नाही. आदल्या काही रात्री तो कामात जागला होता. रुओलानने स्वतःचं जॅकेट त्याच्या पाठीवर घातलं आणि बाकीच्यांना म्हणाली, "झोपू दे त्याला."

चहाच्या वेळेपर्यंत सगळ्यांनी त्याला झोपू दिलं.

ते जॅकेट त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये गेलं. परत आलं नाही. तिच्या वाढदिवसाला मी दिलेलं होतं ते.

त्याचं काम रुओलानकडे आलं. कामाबरोबर टेबल आलं. टेबलाबरोबर खुर्ची आली.

माझी पाळी संध्याकाळची असते. दुपारी मी मोकळा. सातवा महिना लागला तसं तिने दुपारी माझ्यासोबत जेवायला खाली येणं बंद केलं. जेवायला वेळ नाही म्हणायची. म्हणून मी डबा घेऊन वर जायला लागलो. दाराशी बसणारा माणूस मला ओळखायचा, सोडायचा.

पहिल्या दिवशी मी पोचलो तेव्हा दिवे गेले होते. दोन्ही बाजूंना झोपलेली डोकी. मी चपलांचा आवाज न करता कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे कॉम्प्युटरचा एकच पडदा उजळलेला होता.

रुओलान त्याच्या खुर्चीत बसली होती. आणि बोलत होती.

"चल ना... थोडंसंच राहिलंय. एवढं दे ना रे."

हा स्वर माझ्या ओळखीचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती माझ्याशी या स्वरात बोलायची.

"कुणाशी बोलतेयस?" मी विचारलं.

ती दचकली. पडद्यावर काळ्या-करड्या रंगात एक हृदय धडधडत होतं. त्याच क्षणी ते...

थांबलं.

अर्ध्या ठोक्यावर.

"झालं! आलास आणि अडलं," ती कुजबुजली. "सकाळपासून इतकं छान चाललं होतं."

"मी काय केलं? डबा आणला. पोर्क चॉप आहे, गार होईल."

"ठेव तिथे."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. शेजारच्या दुसऱ्या पडद्याकडे वळली. त्यावर ओळींमागून ओळी धावत होत्या, सगळ्या एकसारख्या.

"हे काय आहे?"

"दोघांचं बोलणं. मध्ये कान लावून ऐकायचं यंत्र असतं, ते हे दाखवतं." तिने बोट ठेवलं. "यूएसबीत जोडलेली वस्तू स्वतःहून कधीच बोलत नाही. कॉम्प्युटरने विचारायचं, मग तिने उत्तर द्यायचं. हा बघ, विचारतोय. 'आहे का?' ती म्हणते, 'अजून नाही.' पुन्हा 'आहे का?' पुन्हा 'अजून नाही.'"

"किती वेळ विचारणार?"

"कायम. फानने वाट बघायला मुदतच घातली नाहीये."

ते ती जरा कौतुकाने म्हणाली असं मला वाटलं.

"आणि हे हृदय कुणाचं?"

"चाचणीचं रेकॉर्डिंग आहे."

"कुणाचं पण?"

तिने डब्याचं झाकण काढलं. परत लावलं.

"फानचं. प्रोब पहिल्यांदा चालला ना, तेव्हा त्याने स्वतःच्याच छातीवर लावून बघितला. ते यंत्राच्या मेमरीत आहे. दिवसभर तेच पाठवत राहायचं आणि कुठे अडतं ते बघायचं. असंच करतात, आ-हान. तोंड पाडू नकोस." आ-हान म्हणजे मी.

माझी बायको दिवसभर दुसऱ्या पुरुषाचं हृदय बघत बसायची. त्याच्या खुर्चीत. पगारी.

तिने एक कळ दाबली. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट उमटली:

'नवीन यंत्र जोडले गेले: फान ताव-युआन.'

"हे काय?"

"यंत्र जोडलं की कॉम्प्युटर आधी त्याला नाव विचारतो. चाचणीच्या वेळी सगळे आपापली नावं घालून ठेवतात. मग बदलायला विसरतात." ती हसली. "एकदा आमच्याकडे एका स्कॅनरचं नाव 'बायको माहेरी गेली' असं होतं. तसाच बाजारात जाणार होता."

मला हसू आलं नाही.

मी जिना उतरून खाली आलो. स्कूटर सुरू करणार तेवढ्यात तिचा मेसेज आला.

'तू गेलास आणि चालू झालं.'

मी विज्ञान शिकलेला माणूस नाही, पण बातमी दोनदा तपासल्याशिवाय छापत नाही. आणि रुओलान तर इंजिनियर. आम्ही दोघांनी मिळून तपासलं.

आधी माझ्या फोनवर संशय घेतला. फोन खाली ठेवून आलो. अडलं.

घड्याळ काढलं. अडलं.

स्कूटरची किल्ली, पट्ट्याचं बक्कल, नाणी... सगळं दाराशी काढून ठेवलं. दारावरचा माणूस म्हणाला, "साहेब, आता पँट तरी ठेवा अंगावर."

अडलं.

मग मी काचेच्या दाराबाहेर उभा राहिलो. तिथून तिचा पडदा दिसायचा. हृदय चालू. मी दार ढकललं, एक पाय आत टाकला...

बंद.

पाय मागे घेतला. ती खुर्चीतून माझ्याकडे बघत होती. अंधारात तिचा चेहरा नीट दिसला नाही. पण मान डोलावली तिने. पुन्हा चालू झालं होतं.

"फरशीचा हादरा असेल," मी नंतर म्हणालो. "कनेक्टर ढिला असेल."

"कनेक्टर बदललाय. वायर बदललीये. लॅपटॉप बदललाय." ती नखाने टेबलावर टकटक करत होती. "आणि आणखी एक आहे. रेकॉर्डिंग रोज तेच. म्हणजे अडायचं तर एकाच ठिकाणी अडायला हवं. हो ना? रोज वेगळ्या ठोक्यावर अडतं."

"याचा अर्थ काय?"

"माहीत नाही," ती म्हणाली. पण घाबरलेली दिसली नाही. त्याचाच मला राग आला.

त्याच दुपारी मी मुद्दाम निघालो नाही. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. हृदय अडलेलंच. ओळी धावत होत्या. आहे का, अजून नाही. आहे का, अजून नाही. हॉलमध्ये सगळे झोपले होते. कान सरावले तसे मला एकेक श्वास वेगळा ऐकू यायला लागला. कुणी घोरणारा. कुणी सर्दी झालेला. आणि एक...

अगदी जवळचा.

संथ. खोल. गाढ झोपलेल्या माणसाचा.

तो रुओलानचा नव्हता. तिचा श्वास मला पाठ आहे. माझा नव्हता, कारण मी श्वास रोखून धरला होता. जवळच्या दोन्ही टेबलांवर त्या दिवशी माणसं नव्हती.

आवाज खुर्चीच्या पाठीकडून येत होता. ती ज्या खुर्चीत बसली होती, तिच्या.

"ऐकतेयस?" मी अगदी हळू विचारलं.

"एसी आहे," ती म्हणाली. पटकन म्हणाली. काय ऐकतेयस, असं तिने विचारलं नाही.

महिन्याच्या मध्यावर ऑफिसची पूजा असते. आमच्याकडे सातव्या महिन्यात पलीकडचं दार उघडतं, आणि ज्यांना कुणी नाही अशी भुतंखेतं जेवायला बाहेर पडतात. त्यांना जेवू घालावंच लागतं, मग ऑफिसात कॉम्प्युटरच्या चिपा बनोत की चपला. पार्किंगमध्ये लांब टेबलं मांडली होती. फळं, बिस्किटं, सोड्याचे डबे, कोंबड्या. तोंड धुवायला पाणी आणि टॉवेलसुद्धा. मॅनेजर त्साय मॅडम हातात उदबत्त्यांचा जुडगा घेऊन सगळ्यांवर ओरडत होत्या.

मला बघून म्हणाल्या, "या या, जावईबापू! बायकोवर पहारा द्यायला आलात का? बरोबर आहे. तिचं त्या प्रोबशी लफडं चालू आहे."

शेजारचे सगळे हसले. मीही हसलो.

मग मला टेबलाच्या टोकाशी माझा डबा दिसला. सकाळी मी स्वतः रांगेत उभा राहून आणलेला. पोर्क चॉप, अंडं, हिरवी भाजी. झाकण उघडं, चॉपस्टिक्स शेजारी नीट ठेवलेल्या. पुढे एकच उदबत्ती.

"हा कुणासाठी?" मी विचारलं.

"फानला आवडायचा," रुओलान म्हणाली.

त्साय मॅडमनी ते ऐकलं. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी ती उदबत्ती उपटून काढली.

"वेडी आहेस का तू? ही पूजा बेवारस भुतांची. फानदादाच्या घरी त्याची तसबीर आहे, पोरं आहेत, ते घालतील त्याला जेवायला. इथे त्याचं नाव घ्यायचं नाही. या महिन्यात नाव घेऊन बोलावलं आणि कुणी आलं, तर ते परत जात नाही. तुझ्या आईने शिकवलं नाही तुला?"

"यंत्र तर रोज त्याचं नाव घेतं," मी म्हणालो.

"कुठलं यंत्र?"

मी सांगितलं. चौकटीत उमटणारं नाव. अडलं की यंत्र पुन्हा सुरू करायचं. पुन्हा सुरू केलं की कॉम्प्युटर नाव विचारणार. पुन्हा तेच नाव. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शनिवार-रविवारी तर माणसाशिवाय, आपोआप.

त्साय मॅडमनी उदबत्त्या खाली ठेवल्या. तैवानमधल्या चांगल्या विद्यापीठाची डॉक्टरेट आहे त्यांच्याकडे. चेहरा पांढरा पडला होता.

"पूर्ण नाव? आडनावासकट तिन्ही अक्षरं?"

"तिन्ही," रुओलान म्हणाली.

"आजच्या आज बदल. आणि ती एक ओळ टाकून मोकळी हो. बास झालं."

"कुठली ओळ?" मी विचारलं.

त्साय मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला बोलली नाही? अहो, बग तिने गेल्या आठवड्यातच शोधलाय. मला दाखवलाय. म्हणाली, आणखी खात्री करून घेते."

मी रुओलानकडे बघितलं. ती चॉपस्टिक्स सरळ करत होती.

"अगदी क्षुल्लक आहे," त्या म्हणाल्या. "चित्र तुकड्या-तुकड्यांनी जातं. शेवटचा तुकडा अर्धामुर्धा असला की कॉम्प्युटरला कळतं, संपलं. पण कधीकधी शेवटचा तुकडाही काठोकाठ भरलेला निघतो. मग त्याला वाटतं, अजून आहे. तो विचारतच राहतो. अशा वेळी यंत्राने मागून एक रिकामं पॅकेट पाठवायचं असतं. आत काही नाही. नुसतं संपलं म्हणायला. फानदादा तेवढं विसरला. एक ओळ हो! माझा मुलगा लिहील."

त्या पूजेकडे वळल्या. आम्ही दोघं टेबलाच्या टोकाशी उरलो. उन्हात डब्यावर माशा बसत होत्या.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "घर तयार आहे. आई रोज फोन करते. आणि तुला माहीत होतं."

"ते पॅकेट पाठवलं की तो संपला, आ-हान."

"तो मार्चमध्ये संपला."

"अडतं तेव्हा मी विचारते, आहेस का. तो म्हणतो, अजून नाही. कुणीतरी उत्तर देतं ना?"

"यंत्र देतं!"

"मग दर वेळी तू आलास की का अडतं?"

मला जे विचारायचं होतं तेच मी विचारलं.

"तुझं आणि त्याचं काही होतं का?"

"काही नव्हतं," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "त्याने कधी चहासुद्धा एकट्याने विचारला नाही. काही म्हणजे काही नव्हतं. फक्त मी त्याला झोपू दे म्हटलं. बास."

काही होतं म्हणाली असती तर बरं झालं असतं. असलेलं संपतं. नसलेलं संपवायचं कसं?

"पुसून टाक," मी म्हणालो. "रेकॉर्डिंग पुस. ती ओळ टाक. नाव बदल."

"बदलून काय ठेवू?"

"माझं ठेव."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. दिवे बंद व्हायच्या आतच गेलो. या वेळी खुर्चीत मी बसलो. तिने माझ्यासमोर ते रेकॉर्डिंग पुसलं. पडद्यावर विचारणा आली, नक्की पुसायचं का? तिने माझा हात धरून कळेवर ठेवला.

"तू दाब."

मी दाबलं.

मग तिने ती एक ओळ लिहिली. मग नाव बदललं. माझ्या नावाची तीन चिनी अक्षरं तिने भरभर टाइप केली. दिवे गेले. उशा निघाल्या. हळूहळू हॉल झोपला.

तिने वायर जोडली. कोपऱ्यात चौकट उमटली:

'नवीन यंत्र जोडले गेले: को चुंग-हान.'

खरं सांगतो, मला जिंकल्यासारखं वाटलं.

"आता जिवंत माणसावर बघू," ती कुजबुजली. "शर्ट उघड."

सोनोग्राफीचं जेल बर्फासारखं गार होतं. तिने प्रोब माझ्या छातीवर टेकवला, डाव्या बाजूला, बरगड्यांच्या फटीत. पडद्यावर आधी धुकं आलं. मग धुक्यातून एक हृदय वर आलं आणि चालायला लागलं.

अडलं नाही.

मी थांबून राहिलो. एवढे दिवस मी नुसता आत शिरलो तरी अडायचं. आता मी तिथेच होतो, खुर्चीतच होतो... आणि चित्र पाण्यासारखं वाहत होतं. दुसऱ्या पडद्यावर आता 'अजून नाही' दिसत नव्हतं. विचारलं की लगेच उत्तर.

"सुटला," मी म्हणालो. "रुओलान, सुटला ना?"

ती पडद्याकडे बघत होती.

मीही बघितलं.

माझं हृदय तेव्हा जोरात धावत होतं. आनंदाने म्हणा, भीतीने म्हणा. कानात ठोके ऐकू येत होते. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी थडथड उडत होती.

पडद्यावरचं हृदय...

संथ होतं.

एक ठोका. मग खूप वेळ काही नाही. मग एक ठोका. गाढ झोपलेल्या माणसाचं असतं तसं.

मी बोट नाडीवर घट्ट दाबलं. डोळे पडद्यावर. दोन्ही जुळेनात. प्रोब माझ्या छातीवर होता, वायर माझ्या मांडीवरून गेली होती, रेकॉर्डिंग मी माझ्या हाताने पुसलं होतं. कॉम्प्युटर विचारत होता. यंत्र माझ्या नावाने उत्तर देत होतं.

"हे माझं नाही," मी म्हणालो.

रुओलानने प्रोब काढला नाही. उलट थोडा आणखी दाबला. तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात होता. इतका निवांत चेहरा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"बघ ना," ती म्हणाली, "किती शांत आहे."

मी प्रोब हिसकावून फेकला. तो टेबलावरून घरंगळला, वायरीला लटकत राहिला. दोन-तीन झोपलेली डोकी वर झाली. कुणीतरी "श्श" केलं. पडदा काळा झाला.

बग सुटला तो सुटलाच. पुन्हा कधी अडलं नाही. त्साय मॅडमनी नाव बदलून यंत्राचं खरं नाव घातलं, प्रोब तपासून घेतला, दुसऱ्या लोकांवर लावून बघितला. सगळ्यांची हृदयं ज्याची त्याची निघाली. माझ्यावर पुन्हा लावू दिलं नाही मी.

रुओलानने शब्द पाळला. राजीनामा दिला. आम्ही थायनानला आलो.

मी इथे डॉक्टरांकडेही गेलो. त्यांना सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणालो की नाडी आणि छाती वेगळी चालल्यासारखी वाटते. त्यांनी ईसीजी काढला. हसले. "असं होऊच शकत नाही हो. एकच पंप आहे." कागदावर सगळं बरोबर होतं. तो कागद माझ्याकडे आहे.

रुओलान आता हसते, बाजारात जाते, आईशी भांडते. फानचं नाव तिने एकदाही घेतलेलं नाही. तिने घेतलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

रोज जेवण झालं की ती पडदे ओढते आणि माझ्या छातीवर कान ठेवून झोपते. डाव्या बाजूला. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती अशी कधी झोपली नव्हती. आईने एकदा दारातून पाहिलं. मला म्हणाली, "नशीब काढलंस रे."

मी हलत नाही. मनगटावर बोट ठेवून छताकडे बघत पडतो. माझी नाडी मला कळते. ती काय ऐकते ते मला कळत नाही.

काल दुपारी मला वाटलं तिला झोप लागली. मग ती पुटपुटली. डोळे मिटलेले, ओठांवर हसू.

"दमलास? झोप. मी आहे."

मी पूर्ण जागा होतो. अजिबात दमलेलो नव्हतो. आणि माझ्याशी बोलायचं असतं तर तिने तोंड वर केलं असतं.

ती माझ्या छातीशी बोलत होती.